दादाने राखलेली नजर

मधुराचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात पिठाने भरलेले, म्हणून यांनी फोन उचलून स्पीकरवर टाकला. "आत्या, बाबा चहा घेता घेता एकदम कोसळले गं... डॉक्टर येऊन गेले. संपलं म्हणाले." मी कणीक तशीच टाकून हात धुतले. माजिवड्याहून डोंबिवलीला, मानपाड्यापर्यंत आम्ही रिक्षाने गेलो. मला आठवत होते ते फक्त दादाचे डोळे. त्याला नेलं हृदयाने, डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता. पण एवढी वर्षं ज्यांना त्याने इतकं जपलं, ते डोळे मी पोचले तेव्हा मिटलेले होते आणि शैलावहिनी त्याच्या पापण्यांवरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवत होती.

सुधाकरदादा माझ्याहून बराच मोठा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो ग्राइंडिंगचं काम करायचा, आणि उरलेला वेळ कॅरम. आमच्या लहानपणी चाळीतली मोठी माणसंसुद्धा त्याच्याशी डाव मांडायला कचरायची. राणी घेताना तो श्वास रोखून धरायचा, आणि सोंगटी आत पडली की माझ्याकडे बघून एक भुवई उडवायचा. बस, तेवढंच. हसायचा नाही की ओरडायचा नाही.

धुळीने त्याचे डोळे सारखे चुरचुरायचे. एकदा फारच लाल झाले, तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभरासाठी थेंब दिले. दोन दिवसांत आराम पडला. मग काय, पुन्हा चुरचुरलं की दादा मेडिकलमध्ये जुनी बाटली दाखवायचा आणि तेच थेंब घेऊन यायचा. असं किती काळ चाललं, त्याचं त्यालाही नीट सांगता यायचं नाही. दुखत काही नव्हतं, डोळे स्वच्छ पांढरे दिसत होते, मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

कळलं ते कॅरममुळे. सोसायटीच्या स्पर्धेत डाव्या भोकाच्या तोंडाशी त्याची सोंगटी उभी होती, अगदी नवशिक्यानेही घेतली असती अशी. दादाने ती सोडून भलतीच मारली. सगळ्यांना वाटलं, काहीतरी मोठी चाल असेल. डाव हरल्यावर जोडीदार चिडला, "अरे सुध्या, समोरची कशी सोडलीस?" दादा म्हणाला, "कुठली समोरची?" वहिनी तिथेच बसली होती. ती मला नंतर म्हणाली, "वन्सं, ते थट्टा करत नव्हते, त्यांना ती खरंच दिसली नव्हती."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तर काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेलेली होती. डॉक्टरीणबाईंनी ती जुनी बाटली हातात घेऊन विचारलं, "हे किती दिवस घालताय? यात स्टेरॉइड आहे. यानेच डोळ्यातला दाब वाढत गेलाय." दादाने विचारलं, गेलेली नजर परत येईल का? त्या सरळ म्हणाल्या, "नाही. उरलेली मात्र राखता येईल. पण आता देते ते थेंब कायम घालायचे, मला विचारल्याशिवाय बंद करायचे नाहीत." घरी येऊन तो गॅलरीत बसून राहिला. जेवलाही नाही. मग वहिनीने कॅरम बोर्ड कपाटामागे सरकवायला घेतला, तेव्हा म्हणाला, "राहू दे गं. मान वळवून खेळेन."

आणि खरंच खेळला. स्ट्रायकर ठेवण्याआधी मान फिरवून चारही कोपरे बघून घ्यायचा. तशीच औषधाची शिस्त. साबणाने हात धुवायचे, मान मागे, खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून बसायचं, औषध घशात उतरू नये म्हणून. दुसऱ्या बाटलीतलं औषध लगेच घालायचं नाही, थोडं थांबायचं, नाहीतर पहिलं वाहून जातं. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा, पंगत बसलेली असताना, हा एका कोपऱ्यात डोळे मिटून बसलेला मी पाहिलाय.

मलाही त्यानेच ओढत नेलं. आमची आई शेवटची काही वर्षं भिंतीला धरून चालायची. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. डॉक्टरीणबाईंनी त्याला घरच्यांबद्दल विचारलं, तेव्हा कुठे दादाच्या मनात आलं, की आईलाही हेच असणार. "दादा, मला सगळं स्वच्छ दिसतंय रे," मी म्हटलं. "मलाही दिसत होतं," तो म्हणाला. मी चपला घातल्या आणि निघाले. तपासणीत माझाही दाब वाढलेला निघाला, पण नजर शाबूत होती. बाई औषध लिहायला लागल्या तसा दादा मधेच म्हणाला, "डॉक्टर, हिला लहानपणापासून दमा आहे हं. एका जातीचे थेंब दम्याला चालत नाहीत ना?" बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, मी तेच विचारणार होते," आणि दुसरं लिहून दिलं. बाहेर आल्यावर रसवंतीच्या बाकावर बसून त्याने दोन ग्लास रस मागवला. मग म्हणाला, "आईचं राहून गेलं बघ..." त्याच्या डोळ्यात पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तो गेल्यावर पहिले काही दिवस माझी पंचाईत व्हायची. थेंब घालावा आणि रडू यावं. औषध राहिलं की वाहून गेलं, कळायचं नाही. अशा वेळी विचारायचं ते दादाला, इतकी वर्षं तेच केलेलं...

परवा मानपाड्याला गेले होते. वहिनीने दूध काढायला फ्रिज उघडला, तर दारातल्या कप्प्यात दादाची बाटली. बाटली फोडली की तो लेबलवर पेनाने तारीख घालायचा, आणि महिना झाला की आत औषध उरलं असलं तरी टाकून द्यायचा. वहिनी म्हणाली, "यांनी जायच्या आदल्या दिवशीच फोडलेली. आता तुम्हाला तरी..." आणि स्वतःच थांबली. दुसऱ्याचं औषध घालायचं नाही, हे तिला माझ्याइतकंच पाठ होतं. तिने बाटली डोळ्यांजवळ धरून त्याचं ते बारीक, तिरपं अक्षर वाचलं.

"महिना झाला, वन्सं. टाकायला हवी."

"हो," मी म्हटलं.

तिने बाटली पदराने पुसली, होती त्याच कप्प्यात परत उभी केली आणि फ्रिजचं दार हलकेच लावलं.