दत्ताराम परबांनी गोळी सोडली

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या वरच्या मजल्यावर दत्ताराम परब राहतात. कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. गाव कुडाळकडचं. बोलणं इतकं कमी, की सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

निवृत्तीनंतर छातीत धडधडायला, जीव घाबरायला लागला, म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी एक छोटी गोळी दिली. त्या पंधरा दिवसांची नऊ वर्षं झाली. चिठ्ठी जुनी, केमिस्ट ओळखीचा. एकीच्या तीन कधी झाल्या ते त्यांनाही कळलं नाही. गेल्या वर्षी दुकानात नवा माणूस आला आणि त्याने ताजी चिठ्ठी मागितली. परबांना राग आला. गोळीवाचून मी मरतो की काय, असं बायकोला, म्हणजे सुनंदाकाकूंना सांगून त्यांनी उरलेलं पाकीटही कचऱ्यात टाकलं.

दोन-तीन दिवस हात थरथरले, घाम सुटला, डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांना गच्चीवर पेटी आणि मृदंग ऐकू आले. गावची दशावतारी मंडळी आलीय, अशी त्यांची खात्रीच पटली. मग त्यांना जो आनंद झाला तो आम्ही सगळ्यांनी पाहिला, कारण खाली मीटिंग चालू होती. काकूंचा शालू कमरेला गुंडाळून, गालांवर कुंकू फासून काका खाली आले, आम्हालाच ती मंडळी समजले आणि त्यांनी भराभर सोंगं वाटली. पहिल्या मजल्यावरच्या माणिकआजी राणी झाल्या. मी घोडा. आमचा चिडका सेक्रेटरी नंदकिशोर राक्षस.

"राक्षसान मरूच्या आधी नाचूक व्हया," काका म्हणाले.

नंदकिशोर काही बोलणार, एवढ्यात मागून धावत आलेल्या काकूंनी त्याला हळूच सांगितलं, "नाच रे बाबा. घरात अडवलं तर खिडकीतून उतरायला निघाले होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत गुंतवून ठेव."

तो नाचला. एका हाताने पोट सावरत, दुसऱ्या हातात फाइल धरून नाचला. त्याचं बघून आजी उठल्या, मी खिंकाळलो, अख्खी मीटिंग गोल फिरायला लागली. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. काकू तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांनी शालूचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा काकांनी तिला रथ समजून नमस्कार केला आणि ऐटीत चढून बसले.

हॉस्पिटलात डॉक्टर अस्मितांनी आधी गोळ्यांची चौकशी केली. वेड वगैरे लागलेलं नाही, इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडल्याने मेंदू खवळलाय, फिट आली नाही हे नशीब, असं त्या काकूंना म्हणाल्या. त्याच जातीचं औषध मोजून परत सुरू केलं. हॉस्पिटलातल्या पाचव्या दिवशी कानातली पेटी थांबली.

पण काकांना सगळं आठवत होतं. घरी आल्यावर जिन्यात कुणी दिसलं की ते दार लावून घेत. आठवड्याने नंदकिशोर स्वतःच वर गेला.

"काका, राक्षसाचं पुढे काय होतं?" त्याने विचारलं.

परबांनी त्याला आत घेतलं. मग हळूहळू सांगायला लागले, आणि दोन तास सांगत राहिले. काकूंना दोनदा चहा टाकावा लागला.

गोळी पूर्ण सुटायला अकरा महिने लागले, कणाकणाने, डॉक्टरांच्या नजरेखाली. झोप अजून चार तासांपुढे जात नाही.