शेवाळ, सोमल आणि रोह्याचं स्थळ

मला बघायला आलेल्या मंडळींना मी भर पंगतीत सांगितलं, की तुमच्या ताटातल्या भातात विष असू शकतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकत होते आणि शांत बसणं मला जमत नव्हतं (अजूनही जमत नाही). एके दिवशी सर म्हणाले, बंगालकडे जमिनीतल्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असतो, तो भातपिकात उतरतो आणि काही जातींचं शेवाळ तो शोषून घेतं. झालं! घरी पोचेपर्यंत आमची खाडीकाठच्या खारेपाटातली सगळी शेती माझ्या डोक्यात विषारी होऊन बसली होती.

"आबा, आपल्या भातात सोमल असेल!" मी वडिलांना म्हणाले.

"तो बंगालात हाय ना? मग तिकडं जा," आबा म्हणाले. "आपला भात पावसावर पिकतो, गो!"

"आणि पाऊस कुठून येतो?"

आबांनी हात जोडले. ती मी परवानगी समजले. मे महिना होता. अंगणात लांबरुंद खड्डा खणला, त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला, वर माती, पाणी आणि कॉलेजातून मागून आणलेलं शेवाळाचं पाकीट. पावसाळ्यात हे शेवाळ शेतात सोडायचं आणि रायगड जिल्हा वाचवायचा, असा बेत होता. फक्त पाणी कमी पडत होतं. आईनं टँकरच्या रांगेत भांडून मिळवलेला हंडा मी खड्ड्यात रिकामा केला, तेव्हा ती ओरडली, "माणसांना प्यायला पाणी नाय, नि तू शेवाळाला पाजतेस?" मी मात्र दर अर्ध्या तासानं जाऊन ते वाढलं का बघत होते.

ते वाढलं! खड्डा सोडून अंगणातल्या फरशीवरही वाढलं. नेमकं तेव्हाच आत्यानं रोह्याचं स्थळ आणलं. मुलगा कंपनीत शिफ्टला. मी त्याला खिडकीतून पाहिलं आणि मला तो आवडला. अगदी मनापासून आवडला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी स्वतःच्या पायावर केवढा धोंडा पाडून घेतला ते कळेल.

"विचारतील तेवढंच बोल," आईनं बजावलं होतं. मी तेवढंच बोलले. पानं वाढली, भातावर वरण पडलं आणि मुलाच्या वडिलांनी विचारलं, "अंगणात ते हिरवं डबकं कसलं?"

मी सगळं सांगितलं. मुलाच्या आईचा हात घासापाशी थांबला.

"म्हंजे ह्या भातात पण शेवाळ हाय?"

"नाही हो! हा गेल्या वर्षीचा तांदूळ. याला शेवाळ मिळालेलंच नाही."

"मग सोमल हाय?"

"असेल. कोणी तपासलेलं नाही. पण घाबरू नका, माणूस लगेच मरत नाही, बरीच वर्षं लागतात!"

"गप गो बाय!" आई कळवळली. पण मंडळी उठली होती. मुलाचे वडील तरातरा हात धुवायला अंगणात गेले. फरशीवरच्या शेवाळावर त्यांचा पाय पडला, आणि पांढऱ्या शुभ्र सदऱ्यासकट ते माझ्या खड्ड्यात बसले!

सगळे धावले. मुलगाही आला. वडिलांना हात देता देता त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"शेवाळ सोमल शोषतं. मग तो राहतो कुठं?"

"शेवाळात."

"नि शेवाळ?"

"शेतात."

"मग शेतातून काढला कुठं?"

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत पडलाच नव्हता. तेवढ्यात हिरवेगार झालेले वडील खड्ड्यातून म्हणाले, "म्हंजे तो सोमल आता माझ्या अंगाव?"

मंडळी न जेवता गेली. माझं जेवणाखाण्यातलं लक्ष उडालं. दारावरून एस.टी. गेली की मी बाहेर धावायचे, आत्याचा निरोप आला का बघायला. मला तो मुलगा हवा होता आणि तो मी स्वतःच्या तोंडानं घालवला होता. रात्र रात्र रडले.

शेवटी आत्या स्वतःच आली. मुलानं तर होकार दिलाच होता, पण त्याच्या वडिलांनीही दिला होता! ते म्हणाले होते, "ही पोरगी दुसऱ्या घरी पडली, तर मी खड्ड्यात कसा पडलो ते जगाला सांगत फिरेल. आपली सून झाली म्हंजे तरी गप बसेल."

मामंजींचा अंदाज किती चुकला, ते तुम्ही आत्ताच वाचलंत.