आठ अन् अठराची बेरीज

लेकीले नववीतून मीच काढली. घरधन्याले लकवा झाला होता, दोन एकर वावर, अन् निंदाले हात नव्हता. मास्तर घरी आले. "पोरगी हुशार हाय, काढू नका," म्हणे. मी म्हनलं, "हुशारीनं तन निघते का, गुरुजी?" तिनं गणिताच्या पुस्तकाचा कोपरा मोडला, पेटीत ठेवलं, अन् वावरात आली. रडली नाही. रडली असती तं बरं झालं असतं.

आता ती पस्तिशीची हाय. नवरा वारला, माह्यापाशीच राह्यते. मोताळ्याले एका दवाखान्यात झाडपूस करते. डाक्टरीणबाई म्हणे, दहावी हो, पक्कं काम देते. तिनं घरून फॉर्म भरला. बाकी इषय सुटले, गणितात दोनदा गेली. "आता एकडाव," म्हणे, "मंग पुस्तक चुलीत."

परीक्षा जुलैत, अन् कपाशी टोबायची जूनात. मी सांगतलं, "तुह्या वाट्याची वळ, ओळ वं, मी लावीन. तू बस."

एका दुपारी वावरातून आली तं ती वहीपाशी कपाळ धरून बसलेली.

"काय अडलं वं?"

"तुले काय समजते, माय. वर्गमूळ हाय."

"नाही समजत म्हणूनच सांग."

"आठाचं मूळ अन् अठराचं मूळ, दोहीची बेरीज कराची. मी सव्वीसचं मूळ लिहून राह्यली, उत्तर जुळत नाही. नववीत हेच चालू होतं, तवाच तू उठवलं मले."

 मी तिच्यापाशी खाली बसली. मंग इचारलं, "मूळ म्हणजे काय?"

"चौकोनाची एक बाजू."

चौकोन मले समजते. आमी दोरीले गाठी मारून आडव्या-उभ्या रेघा पाडतो, रेघा एकमेकीले कापते तिथं सरकी टोबतो. मी तुरीचे दाणे घेतले, ओसरीत मांडले. तीन ओळी, तीन-तीन दाणे.

"हे नऊ. बाजू किती?"

"तीन."

मंग चार ओळी, चार-चार दाणे. "हे सोळा. बाजू?"

"चार."

"दोन्ही बाजू एकापुढं एक ठेव."

"सात."

"आता तुह्या रीतीनं कर."

नऊ अन् सोळा पंचवीस, त्याचं मूळ पाच. ती दाण्याकडं पाहत राह्यली. "सातातले दोन कुठं गेले?"

"तूच खाल्ले. वेचलेला कापूस जोखल्यासारखं करून राह्यली तू. दोन गठुडे एका काट्यावर टाकले की वजनाची बेरीज होते. बाजूचं तसं नाही."

तिनं पेन उचलला. "आठ म्हणजे चार दुणे. चाराचं मूळ दोन, ते बाहेर येते, आत दोन राह्यते. अठरा म्हणजे नऊ दुणे. तीन बाहेर, आत दोनच." थांबली. "दोहीच्या आत सारखंच हाय, माय. मंग बाहेरचे मिळवाचे. दोन अन् तीन पाच. पाच मूळ दोन."

पुस्तकातलं मागचं उत्तराचं पान काढून पाह्यलं. जुळलं. मले ते आत-बाहेर काही उमगलं नाही. दाणे डब्यात टाकले अन् वावरात गेली.

त्या जूनात दोघींच्या वळी मी लावल्या. कंबर धरली की बांधावर आडवी व्हायची, मंग उठायची. शेजारीण म्हणे, "म्हातारे, पोरगी राणी अन् तू मजूर?"

"हाव. याच्या आंधी ती मजूर होती."

परीक्षेले मी संग गेली, शाळेच्या गेटपाशी बसली. ती बाहेर आली तसं इचारलं, "आतले तं नाही मिळवले?"

"नाही. एका गणितात आतले येगळेच निघाले. एकात तीन, एकात पाच."

"मंग?"

"तसेच ठेवले. मिळत नाही तं नाही."

निकाल लागला. काठावर, पण पास. माफी मी मागतली नाही, मले ते येत नाही. चहा ठेवला अन् इचारलं, "बारावीचा फॉर्म कवा निघते?"

"माय, जरा टेकू तं दे."

"टेक. पण उद्या इचारून ये."