मे महिन्यातली फुलं

“पावसान डोंगरान कोन जातं, साहेब? तुमी येडे झालाव का?”

म्हात्रेभाऊ आमच्या पलंगावर मांडी घालून बाबांना समजावत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत ऐकत होते. शेजारचे भाऊ मूळचे खाडीकाठच्या गावातले. वाशीच्या घाऊक मार्केटात त्यांचा कांद्याचा गाळा होता. कांद्याचा हंगाम कळतो म्हणजे हिमालयाचाही कळतो, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सर्वमान्य होतं.

विषय होता बाबांच्या एलटीसीचा. सरकारी कारकुनाला चार वर्षांतून एकदा मिळणारा फुकटचा लांबचा प्रवास! आईने कॅलेंडरवर हिमालयातल्या एका राष्ट्रीय उद्यानाचं चित्र पाहिलं होतं, डोंगरभर फुलं. लग्नानंतर ती माहेर आणि दवाखाना सोडून कुठे गेली नव्हती. तिला ती फुलं बघायची होती. प्रश्न एवढाच, की कधी?

मला उत्तर माहीत होतं. शाळेच्या लायब्ररीतल्या मासिकात स्वच्छ छापलं होतं, की बर्फ जूनमध्ये वितळतं आणि फुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात. फक्त ते बोलून दाखवायचं होतं. (माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मी मराठीत बोलले की भाऊ हसायचे. इंग्रजीत बोलले की बाबा पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणायला लावायचे. त्यामुळे मी साधारणपणे लसूण सोलायचे.)

“जुलै तर नकोच,” आई म्हणाली. “छत गळतं. बादल्या कोण बदलणार?”

झालं. जुलै पहिल्याच मिनिटाला बाद.

“डिसेंबर?” बाबा म्हणाले. “रजा शिल्लक असते.”

“गारठून मरू,” आई म्हणाली. “मे बघा, पोरीला सुट्टी असते.”

“मेच,” भाऊंनी निकाल दिला. “मार्केटान बगा, लग्नसराईला फुलांच्या गाड्यांवर गाड्या. आवक जोरात म्हंजे सीझन. आमीपन येतो.”

मी घसा खाकरला.

“तिला पाणी द्या गं कुणीतरी,” बाबा म्हणाले.

तिकिटं आली त्या दिवशी सांगायचंच ठरवलं होतं, पण आईने नवा स्वेटर घालून दाखवला. रेल्वेत माझं वाक्य तयार झालं. दोन दिवसांच्या बसप्रवासात ते मी सुधारलं. चढणीवर दम लागला, म्हणून ते राहिलं. (भाऊंनी वाटेत लागतील म्हणून दहा किलो कांदे घेतले होते. ते आळीपाळीने आम्ही सगळ्यांनी वाहिले.)

चौकीवरच्या पहारेकऱ्याने आधी आमच्याकडे, मग कांद्यांकडे पाहिलं.

“पार्क बंद है. अभी तो बर्फ है.”

“और फूल किधर है?” भाऊंनी व्यापाऱ्याच्या सुरात विचारलं.

“नीचे,” तो म्हणाला आणि त्याने बर्फाकडे बोट दाखवलं.

आई एका दगडावर बसली. नव्या स्वेटरच्या बाह्या खाली ओढत राहिली.

“आता हे आधी कुणाला माहीत असणार?” बाबा म्हणाले.

“दिवालीन यायला पायजे होतं,” भाऊ म्हणाले.

“छे, मी डिसेंबर म्हणतच होतो.”

तिथेच, त्या बर्फाच्या कडेला, पुन्हा बैठक बसली. पहारेकरीसुद्धा मान हलवत ऐकू लागला.

“आता चार वर्षांनी,” आई हळूच म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे.

मग मात्र मी बोलले. मराठीत, मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न विचारता:

“जुलैत यायला हवं होतं. मला मार्चपासून माहीत होतं. पण तुम्ही सगळे इतकं छान बोलत होतात.”