देखा-क्या टीचर

आमच्या केमिस्ट्रीच्या टीचर बरोबर उत्तराचेसुद्धा गुण कापायच्या. चुनखडीवर आम्ल ओतलं की बुडबुडे येतात, असं एखाद्याने फडाफडा सांगितलं की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "देखा क्या?" नाही म्हटलं की, "तो फिर बैठ." मलकपेठेतल्या आमच्या शाळेत तेलुगू, उर्दू, मराठी अशी सगळ्या घरांतली मुलं होती, त्यामुळे वर्गात दखनीच चालायची आणि टीचरचं नाव 'देखा-क्या' पडलं. मी मराठी घरातली. माझ्या वाट्याला तेच मराठीतून यायचं.

प्रयोगवही आमच्याकडे लिहायची नसते, उतरवायची असते. मीही मावसबहिणीची जुनी वही समोर ठेवून स्वल्पविरामासकट उतरवली. अल्कलीत फिनॉल्फ्थॅलीन घातल्यावर द्रावण गुलाबी झालं, असं वर्गातल्या चाळीसच्या चाळीस जणांनी लिहिलं. टीचरनी सगळ्या वह्या तपासल्या आणि प्रयोगाला दिलेली फिनॉल्फ्थॅलीनची बाटली टेबलावर ठेवली. फिनॉल्फ्थॅलीन दिवाळीतच संपलं होतं, बाटलीत त्यांनी नळाचं पाणी भरलं होतं. "पानी से गुलाबी किए तुम लोगां. सब के सब जादूगर हैं." मग प्रत्येकाला वहीत 'काहीच झालं नाही' असं लिहायला लावलं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. सगळे वर्षानुवर्षं हेच करत होते, पकडलं मात्र आम्हाला.

दहावीत शाळेने प्रयोगशाळाच बंद केली. तिथे प्रवेश परीक्षांचे शिकवणीवर्ग बसू लागले. प्रयोगाचे गुण सगळ्यांना वीसपैकी वीस, टीचरनी यादीवर फक्त सही करायची. टीचर हेडमास्तरांना म्हणाल्या, "मैं देखी नईं, तो दस्तखत कायकू करूँ?"

पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. गुण अडले तर चांगलं कॉलेज हातचं जाणार. बाबा मला घेऊन टीचरच्या घरी गेले.

"टीचर, सगळीकडे असंच चालतं. पोरांचं नुकसान कशाला करता?"

"मग सगळीकडच्यांची सही घ्या ना, भाऊ. रविवारी हिला पाठवा. आंगणात प्रयोग घेते, करील तेवढे गुण देते."

"तुमची नोकरी जाईल."

"हौ, जाईल," असं म्हणून त्या चहा गाळायला आत गेल्या.

टीचरनी सगळ्या वर्गाला बोलावलं होतं, रविवारी चौघंच आलो. टीचरनी अफझलगंजच्या बाजारातून सामान आणून स्टुलावर मांडलं होतं. आम्ल थेंबाथेंबाने टाकायचं, गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. शेजारी कुकरची शिट्टी झाली आणि सतराव्या थेंबानंतर माझी मोजणी चुकली. पुस्तकात वीसच्या आसपास आकडा होता, तो लिहायला हात शिवशिवत होता. मी लिहिलं, 'सतरानंतर मोजणी चुकली.' बाकीच्या चुका धरून मला अकरा गुण पडले.

हेडमास्तरांनी दुसऱ्या शिक्षकांची सही घेऊन वीस-वीसची यादी केली आणि आम्हा चौघांना बोलावून सांगितलं, या यादीत या. तिघं गेले. त्यांना मी दोष देत नाही. मी गेले नाही, याला धैर्य वगैरे म्हणू नका. निव्वळ हट्ट होता. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट मी स्वतः केली होती आणि ती कुणीतरी खोडायला निघालं होतं. बाबा दोन दिवस मला त्या यादीत जा म्हणून सांगत राहिले.

टीचरच्या यादीत एकच नाव उरलं. शाळेने त्यांना जूनपासून येऊ नका म्हणून कळवलं होतं. बाबा शेवटच्या दिवशी पुन्हा त्यांना भेटले. मी शेजारीच उभी होते.

"आता एकटीच राहिली बिचारी. पंधरा तरी करा, टीचर."

"नक्को, भाऊ. अकरा तिचे आहेत. वरचे चार कुणाचे आणून देऊ?"

त्यांनी त्या एका नावाखाली सावकाश पूर्ण सही केली, तारीख घातली आणि कागद हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून निघून गेल्या. मला हवं ते कॉलेज मिळालं नाही. पण माझ्या गुणपत्रिकेतला खरा आकडा कोणता, असं आज कुणी विचारलं तर मी अकरावर बोट ठेवते. बाकीच्या आकड्यांची खात्री मी देत नाही.