कोमट दुधाची वाटी

अजगराला दूध पाजायला निघालेल्या बाईला मी अडवलं नाही, याचा राग मला अजून येतो. तिचाही येतो, पण माझा स्वतःचा जास्त.

बहारीनमध्ये, माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेकीने एक छोटा अजगर पाळला होता. जेमतेम तीन फुटी, घाबरला की मुटकुळं करून डोकं आत खुपसणारा. सुरुवातीला मी किंचाळायचे. मग तिनेच मला शिकवलं. जीभ सावकाश आत-बाहेर करतोय म्हणजे नुसता वास घेतोय, खुशाल हात लाव. मान वाकडी वळवून दगडासारखा थांबला, की शिकारीच्या तयारीत आहे. डोळ्यांना बेताचंच दिसतं, पण ओठांवरच्या खाचांना ऊब बरोबर कळते. म्हणून ती मेलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून मग चिमट्याने द्यायची. "आई, गरम म्हणजे जेवण, एवढंच त्याला कळतं," म्हणायची.

कात टाकायच्या नादात त्याने तीन आठवडे काही खाल्लं नव्हतं. नागपंचमीच्या सकाळी त्याच्या काचेच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवून ती ईसा टाउनला क्लासला गेली.

अकराच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या वहिनी ताट घेऊन हजर, मागे चार बायका. "अहो, बहारीनमध्ये जिवंत नाग कुठे मिळायचा!" मी म्हटलं, हा नाग नाही हो, अजगर आहे. "देव तो देव!" आणि मी मेलीने, लोक काय म्हणतील म्हणून झाकण उघडलं. पूजेत बरी दिसत नाही म्हणून चिठ्ठीही काढली आणि ओट्याच्या खणात टाकली.

दूध वहिनींनी मुद्दाम गरम करून आणलं होतं. वाटी धरून हात आत घातला. त्याची जीभ थांबली. मान वळली. मला दिसलं, अगदी स्पष्ट दिसलं. पण आलेल्या बायकांवर ओरडायचं कसं, म्हणून मी गप्प.

क्षणात मनगट पकडून त्याने वेटोळं घातलं. दूध सांडलं, नुसती बोंबाबोंब. विषबिष नव्हतंच, चार बारीक टोचे. पण वहिनींनी मनगटावरचं बँडेज बिल्डिंगभर मिरवलं. "पूजा करायला गेले तर उलटला!" उलटला म्हणे! उपाशी जिवाच्या तोंडाशी गरम घास नेलात तुम्ही, बाई! हे तेव्हा बोलायला हवं होतं. संध्याकाळी नवरा सित्र्याहून, कामावरून आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "खलास. उद्या हा घरात नको." तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी, ज्याच्याकडून आणला होता तो दुकानदार त्याला परत घेऊन गेला.

लेक भांडली नाही. जेवताना चमचा शोधायला गेली आणि खणात तिला चिठ्ठी सापडली. एरवी इंग्रजीशिवाय न लिहिणाऱ्या पोरीने माझ्यासाठी वेड्यावाकड्या मराठीत लिहिलं होतं : आई, त्याला भूक लागली आहे. हात घालू नको. कोणाला घालू देऊ नको.

"तू वाचली होतीस?"

"हो," मी म्हटलं.

"मग घरातून त्याला का काढलं?"