पाणंदीची वही

माझ्या लिहिण्यात चुका असतील. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, मग पेन हातात आला तो सहीपुरता. अक्षर वाकडं पडतं, ओळ सोडून खाली उतरतं. कुणाच्या हाती हे कागद पडलेच तर त्याने रागावू नये, समजून वाचावं. अक्काला जाऊन सव्वा महिना झाला. तोंडाने बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. नांदेडच्या दवाखान्यात तिने जीव सोडला तेव्हा मी शेतात तूर खुडत होते. पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला. मी घराकडे निघाले, ते नाल्याच्या कडेने लांबचा वळसा घालून. सरळ वाट राहिली असती तर दहा मिनिटांत घरी आले असते...

ती वाट म्हणजे आमची पाणंद. गावापासून नदीपर्यंत, दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी रुंद. गुरं त्याच वाटेने गायरानात जायची, धुणं घेऊन बाया नदीला जायच्या, आणि नऊ घरांची शेतं तिच्या पलीकडे. पाणंदीला लागून बापूरावांचं शेत. त्यांनी आधी बांध सरकवला, मग नांगर घातला, शेवटी तार ओढली. त्यांचा ट्रॅक्टर, त्यांचं बोअर. आमची पेरणी त्यांच्याच ट्रॅक्टरवर होते. कोण बोलणार?

अक्का बोलली. ती अंगणवाडीत सेविका होती, वय झालं म्हणून नुकतीच काम सोडून घरी बसली होती. मोबाइल चालवायची सवय तिला तिथेच लागली. तालुक्याला, मुखेडला जाऊन तिने गावचा नकाशा आणला, त्यात पाणंद दुहेरी रेघांनी दाखवलेली होती. त्या नकाशाचा फोटो काढून तिने व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला, 'आपली पाणंद'. माझा फोन माझ्याच हातातून घेऊन मला त्यात टाकलं.

"अक्का, मला काय लिहिता येतंय?"

"लिहू नको. वाच. पन ऱ्हा."

पहिल्या दिवसांत ग्रुप नुसता गजबजला होता. कुणी आजोबांच्या गाडीची आठवण लिहिली, कुणी सोयाबीनची पोती डोक्यावर आणल्याचं लिहिलं. एकाने लिहिलं, बापूरावांची तार उपटून त्यांच्याच दारात टाकू. अक्का हसली, पण लिहिलं तिने, "तार उपटायची न्हाई. मोजणी करायची. कागद बोलंल." मोजणीच्या फीसाठी वर्गणी ठरली. मी कोंबड्या विकून आलेले दोनशे रुपये दिले, घरी न सांगता.

आणि मग अक्काने बापूरावांनाही ग्रुपमध्ये घेतलं.

मी तिला म्हणाले, "आवो, ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्यालाच बोलावलं?"

ती म्हणाली, "गावजेवणाला कुनाचं घर वगळतो का आपन? पाणंद समद्यांची हाय, तर बोलनं बी समद्यांम्होरं. पाठीमागं बोलायला ती काय चोरी हाय?"

चूक म्हणायची तर हीच. पण आमच्याकडे आवतन असंच देतात, वैऱ्याला सुद्धा. बापूरावांनी पहिल्याच दिवशी हात जोडलेलं चित्र टाकलं, "स्तुत्य उपक्रम" असं लिहिलं आणि सगळ्यांत जास्त वर्गणी दिली, हजार रुपये. ग्रुपवर ते नंतर एक अक्षर बोलले नाहीत. आधी कोण काय लिहून बसलं होतं, त्याचे फोटो मात्र कुणीतरी त्यांच्या हाती पोचवले होते. मग पारावर एकेकाला गाठून, गोड बोलून विचारायचे, "काय पाव्हनं, माझी तार तुमी उपटनार म्हनं?" तार उपटू म्हणणाऱ्याने त्याच आठवड्यात ग्रुप सोडला. मग दुसऱ्याने. उरले ते नुसतं गुड मॉर्निंग टाकायचे. आमच्या घरचे मला म्हणाले, "तू कशात पडू नको. पेरनी हाय तोंडावर."

मोजणीच्या दिवशी अक्का पहाटेच जाऊन उभी राहिली. मी भाकरी घेऊन गेले. नऊ घरांतलं दुसरं कुणी आलं नव्हतं. मोजणीदार दुपारपर्यंत थांबले. म्हणाले, "बाई, हजर म्हणून आणखी एकाची तरी सही लागंल. तुमच्या एकटीवर कसं करू?" अक्काने कागद माझ्यापुढे धरला.

मी म्हणाले, "घरी इचारून येते."

आणि गेले. घरात जाऊन गहू निवडत बसले. परत गेलेच नाही.

फी वाया गेली. आता वर्गणीच्या यादीत नाव असणं म्हणजे बापूरावांच्या विरोधात असणं, म्हणून जो तो पैसे परत मागू लागला. अक्काने मानधनातून साठवलेले पैसे काढले. एक वही केली, नाव, रक्कम आणि पुढे सहीची जागा. सगळ्यांत आधी ती माझ्याकडे आली. दोनशे रुपये पुढे ठेवले.

"हितं सही कर."

मी केली. तिने वही उचलून ती सही बराच वेळ बघितली.

"सही येती की तुला," म्हणाली, आणि उठून गेली. चहाला थांबली नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची, पण सणावाराचं, स्वयंपाकाचं. पाणंद तिने माझ्यापुढे पुन्हा काढली नाही. दोन महिन्यांत ताप काय आला, अंगात काय मुरला... चौघांचे पैसे द्यायचे राहून गेले.

ती गेल्याची बातमी ग्रुपवर पडली तेव्हा सोडून गेलेले सुद्धा परत आले. भावपूर्ण श्रद्धांजली, फुलं, दिवे. पहिला बापूरावांचा संदेश. 'गावाचा मोठा आधार हरपला.' त्याखाली सगळ्यांनी हात जोडले.

तेरावं झाल्यावर मी पुतण्याकडून वही मागून घेतली. माझ्या दोन शेळ्या विकल्या. घरच्यांनी विचारलं, कशाला? मी पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही. राहिलेल्या चौघांपैकी एकेकाच्या दारात गेले. वाटलं होतं, एखादा तरी म्हणेल, राहू दे, अक्काच्या नावाने राहू दे. कुणी म्हणालं नाही. सही मात्र प्रत्येकाने चटकन केली, पेन सुद्धा घरातून आणला.

शेवटी बापूरावांचं दार. ओसरीवर बसले होते.

"वैनी, अक्का लई हिशेबी बाई. असली मानसं आता न्हाईत," म्हणाले. मी हजार रुपये ठेवले. त्यांनी ते मोजले, खिशात घातले. वही मांडीवर घेतली, वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या सह्या वाचल्या, माझीही. मग सगळ्यांच्या खाली आपली केली, मोठी, आणि वही माझ्याकडे दिली.

पैसे सगळ्यांचे फिटले.